गरम झाला की बंद, थंड झाला की चालू: जुना पॉइंटवाला जनरेटर. कॉइल बदलू का?

मंडपवाला_आर्वी

भाऊ, जनरेटर दीड केव्हीएचा आहे. पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर टाकायचा तो जुना प्रकार. एक सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, दोरीवाला. पॉइंट (ठिणगीच्या वेळी करंट तोडणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर फ्लायव्हीलच्या, म्हणजे चुंबकवाल्या जड चाकाच्या आत, कॉइल (ठिणगीचा करंट बनवणारी गुंडाळी) फ्लायव्हीलच्या बाहेरून बसलेली.

थंड असला की चौथ्या-पाचव्या ओढीला सुरू होतो. सहाशे वॉटच्या आसपास लोड टाकतो, एलईडी फ्लड आणि एक अ‍ॅम्प्लिफायर, बस. वीस-पंचवीस मिनिटं मस्त चालतो. मग मिस मारायला लागतो, सायलेन्सरमधून एखादा फटाका निघतो आणि बंद. त्यानंतर खांदा निखळेस्तोवर दोरी ओढा, काही नाही. चाळीस मिनिटं तसाच ठेवला की दुसऱ्या ओढीला चालू.

आणखी एक, चालू करताना दोनदा दोरीने हाताला उलटा झटका दिला.

आतापर्यंत केलेलं: प्लग नवा टाकला, कार्ब्युरेटर दोनदा खोलून साफ केला, टाकी धुऊन ताजं पेट्रोल भरलं. रॉकेलवर न टाकता नुसत्या पेट्रोलवरही चालवून पाहिला, तसाच बंद होऊन राहिला. प्लग काढून बॉडीला टेकवून दोरी ओढली तर करंट दिसतो. मिस्त्री म्हणतो कॉइल गेली, नवी टाका. या मॉडेलची कॉइल आर्वीत मिळत नाही, मागवावी लागते आणि स्वस्तही नाही. पोळा बारा दिवसांवर आहे, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याचं माइकचं काम घेतलेलं आहे. काय करावं?

---

पाना_बारा_चौदा

कॉइल आत्ताच मागवू नका. तुमच्या लक्षणांवर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि स्विचची वायर असे चार आरोपी आहेत. त्यात कॉइल सगळ्यात महाग आणि खरी दोषी निघण्याची शक्यता कंडेन्सरपेक्षा कमी.

"करंट दिसतो" यावर विसंबू नका. प्लगचा 0.6-0.7 मिमीचा गॅप उघड्या हवेत ओलांडायला फार जोर लागत नाही. सिलिंडरमध्ये तोच गॅप दाबलेल्या हवेतून ओलांडायचा असतो, तिथे कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून बाहेर ठिणगी आणि आत शून्य, हे रोजचं आहे. शिवाय तुम्ही पाहिलं ते थंड इंजिनवर. दोष गरम इंजिनाचा आहे, तो थंड असताना पकडता येत नाही.

एक जुना प्लग घ्या. बाजूची वाकडी दांडी पक्कडने उचलून गॅप साधारण 4 मिमी करा. तारेने किंवा मगरी क्लिपने तो प्लग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट बांधा. रंग लावलेल्या भागाला बांधलात तर अर्थ मिळणार नाही आणि उगाच कॉइलला नावं ठेवाल. हा झाला तुमचा टेस्टर. आता जनरेटर लोडवर चालवा आणि बंद पडला की एका मिनिटाच्या आत, पेट्रोलचा कॉक बंद करून, प्लग कॅप आतल्या प्लगवरून काढून या टेस्टरवर चढवा आणि दोरी ओढा. आतला प्लग जागेवरच राहू द्या. त्याने भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही. उघड्या भोकाशेजारी ठिणगी पाडणं म्हणजे भुवया जाळून घेणं.

4 मिमीवर निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी आली, तर इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, ठीक आहे आणि दोष इंधनात किंवा व्हॉल्व्हमध्ये शोधायचा. पिवळी-तांबडी, अधूनमधून येणारी किंवा काहीच नाही, तर इग्निशन.

एक लक्षात ठेवा: प्लग कॅप मोकळी लटकती ठेवून दोरी ओढू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढते, आणि मग कॉइल खरंच जाते.

---

रॉकेल_इंजिन

बारा-चौदाभाऊंचं बरोबर आहे, पण एकदम इग्निशनवर शिक्का मारू नका. साइड व्हॉल्व्ह इंजिन रॉकेलवर वर्षानुवर्षं चाललं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जळते, व्हॉल्व्ह खाली बसत जातो आणि टॅपेटमधली (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांडीपाशी असते ती) फट संपत येते. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट शून्य होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कॉम्प्रेशन गेलं की इंजिन बंद. थंड झालं की पुन्हा चालू. लक्षणं हुबेहूब तुमचीच.

ओळखायला सोपं आहे. थंड असताना दोरी हळू ओढून कॉम्प्रेशनवर हात किती अडतो ते ध्यानात ठेवा. बंद पडल्याबरोबर तशीच हळू ओढा. हात मोकळा गेला तर व्हॉल्व्ह. तेवढाच अडला तर माझा मुद्दा सोडून द्या.

टाकीच्या झाकणाचं भोकही पाहा. धुळीने बुजलं असेल तर टाकीत हवा जात नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी इंधन उतरणं थांबतं. बंद पडला की झाकण सैल करून लगेच चालू होतो का ते पाहायचं. आपल्या इकडे कापसाच्या दिवसांत रुई आणि धूळ यांचा असा लगदा होतो की कूलिंगच्या पात्यांमध्येही बोट जात नाही. ते कव्हर काढून एकदा साफ कराच, गरम होण्याचं अर्धं कारण तिथंच असतं.

---

मोटर_वाइंडर_अकोला

पोळ्याच्या दिवसांत हवा दमट, म्हणून एक गोष्ट आधी करा. रात्री अंधारात जनरेटर चालू करून कॉइलपासून प्लगपर्यंतच्या जाड वायरवर स्प्रेच्या बाटलीने बारीक पाणी मारा. हात लावू नका. वायरवरून इंजिनच्या पत्र्याकडे निळ्या रेषा पळताना दिसल्या तर वायर फुटलेली आहे. प्लग कॅप आटे फिरवून निघते. वायरचं टोक हिरवं-काळं पडलेलं असेल तर 5-6 मिमी कापून कॅप परत फिरवून बसवा.

मग स्विचची वायर. या इंजिनात स्विच ऑफ करणं म्हणजे कॉइलची प्रायमरी (आतली कमी वेढ्यांची गुंडाळी) अर्थला जोडणं. म्हणजे कॉइलपासून स्विचकडे जाणारी वायर कुठेही सोलून बॉडीला लागली, उंदराने कुरतडली, किंवा ऑइल कमी झाल्यावर बंद करणारा सेन्सर तुमच्याकडे असेल आणि तो बिघडला, तरी परिणाम स्विच ऑफ केल्यासारखाच. गरम झाल्यावर इन्सुलेशन मऊ पडून वायर टेकते आणि थंड झाल्यावर सुटते, हेही होतं. कॉइलजवळचा जोड सोडून ती वायर पूर्ण वेगळी करा, टोकाला टेप मारा आणि चालवा. तरीही बंद पडला तर स्विच, सेन्सर आणि ती सगळी वायरिंग सुटली.

ही वायर काढल्यावर स्विचने इंजिन बंद होणार नाही, हे विसरू नका. पेट्रोलचा कॉक बंद करा किंवा चोक पूर्ण ओढा. प्लग कॅप हाताने उपटायला जाऊ नका.

कॉइलची मोजणी: बंद पडल्यावर गरम असतानाच करा. आधी प्रायमरीची वायर पॉइंटपासून सोडा, नाहीतर पॉइंट मिटलेले असतील तर मीटर शून्य दाखवेल आणि तुम्ही कॉइल शॉर्ट समजाल. प्रायमरी साधारण 1 ओहमच्या जागी यायला हवी. मीटरच्या वायरींचाच 0.3-0.4 ओहम असतो, दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो आधी पाहा आणि वजा करा. सेकंडरी, म्हणजे जाड वायर ते बॉडी, कॅप काढून मोजा. या वर्गात काही हजार ओहम येते, 5 ते 12 हजारांत काहीही.

गरम कॉइल थोडी जास्त दाखवणारच. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. 60 अंश वाढले तर जवळजवळ पाव हिस्सा जास्त. थंड असताना 8 हजार असेल तर गरम 10 हजार, हा दोष नाही. मीटरवर काहीच न येणं, म्हणजे आतली तार गरम झाल्यावर तुटते, हा दोष. मात्र मीटरची 9 व्होल्टची बॅटरी आतल्या वेढ्यांमधलं फुटलेलं इन्सुलेशन पकडू शकत नाही, म्हणून मीटरवर पास झालेली कॉइल शंभर टक्के चांगली असं म्हणत नाही. पण तिची पाळी शेवटी.

---

मंडपवाला_आर्वी

सांगितलं तसं सगळं केलं. वायर वेगळी करून चालवला, 22 मिनिटांनी बंद. कॉम्प्रेशन गरम असतानाही तेवढंच अडते. टाकीचं झाकण सैल ठेवूनच चालवला होता. पाणी मारून पाहिलं, वायरवर काही दिसलं नाही.

4 मिमीच्या टेस्टरवर थंड असताना निळी ठिणगी, टक-टक आवाज. बंद पडल्याबरोबर लावला तर काहीच नाही. गॅप 0.6 वर आणला तेव्हा बारीक तांबडी आली, तीही दोन-तीन ओढींनंतर एखादी.

कॉइल: प्रायमरी थंड 1.1, गरम 1.3. सेकंडरी थंड 7.8 हजार, गरम 9.3 हजार.

आता फ्लायव्हील काढायचं का? माझ्याकडे पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) नाही.

---

पाना_बारा_चौदा

काढायचंच. तुमचे आकडे साफ आहेत. वायर सुटली, व्हॉल्व्ह सुटला, इंधन सुटलं, कॉइल मीटरवर पास. उरलं फ्लायव्हीलच्या आतलं.

आत काय घडतं ते समजून घ्या, मग काय पाहायचं ते आपोआप कळेल. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा प्रायमरीतून करंट फिरतो. चुंबक कॉइलसमोरून जाताना नेमक्या क्षणी कॅम (दांडीवरचा उंचवटा) पॉइंट उघडतो, करंट एकदम तुटतो आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट उठतात. तो तुटताना प्रायमरीतही दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो. कंडेन्सर तो झटका पोटात घेतो म्हणून पॉइंटवर ठिणगी उडत नाही. कंडेन्सर कमजोर असेल तर करंट पॉइंटच्या फटीतून ठिणगी होऊन वाहत राहतो, एकदम तुटत नाही, आणि प्लगवर जोर येत नाही. 50 हर्ट्झचा जनरेटर 3000 आरपीएमवर फिरतो, म्हणजे पॉइंट सेकंदाला 50 वेळा उघडतात. तुमच्या 25 मिनिटांत 75 हजार वेळा. त्यात कंडेन्सर इंजिनच्या पोटाला चिकटून, फ्लायव्हीलखाली, जिथे वाऱ्याचा लवलेश नाही. तो गरम झाल्यावर दगा देणार नाही तर कोण देणार?

फ्लायव्हील काढताना: नट सरळ आट्याचा असतो, डावीकडे फिरवून सुटतो. फ्लायव्हील धरायला जुना पट्टा किंवा सायकलच्या ट्यूबचे दोन-तीन वेढे घाला. पात्यांमध्ये पेचकस अडकवू नका, अ‍ॅल्युमिनियमचं पातं एका झटक्यात तुटतं आणि फ्लायव्हीलचा तोल जातो. नट सोडून परत उलटा, दांडीच्या टोकाच्या बरोबरीने येईल इतका चढवा, म्हणजे आटे मार खाणार नाहीत. फ्लायव्हीलला आट्याची भोकं असतील तर पुलर भाड्याने आणा, किंवा जाड पट्टीला भोकं पाडून दोन बोल्ट आणि मधे एक दाबणारा बोल्ट असा बनवून घ्या. वेल्डिंगवाला अर्ध्या तासात करून देतो. भोकं नसतील तर मागून दोन्ही बाजूंना सारखा ताण देऊन नटावर पितळेच्या किंवा लाकडी हातोड्याने एक कोरडा ठोका. चुंबकावर लोखंडी हातोडा मारू नका, तडा जातो आणि चुंबकही उतरतो.

निघाल्यावर पाहायचं ते:

आधी अर्धचंद्र की, म्हणजे फ्लायव्हील दांडीवर नेमक्या जागी धरणारा छोटा तुकडा. ती जराही चिरडलेली, पायरी पडलेली असेल तर बदला. पॉइंटचा कॅम क्रँकवर असेल, जसा तुमच्यासारख्या बहुतेक इंजिनांत असतो, तर की सरकली तरी ठिणगीची वेळ बदलत नाही. पण चुंबक चुकीच्या जागी असताना पॉइंट उघडतात आणि ठिणगी मरगळते. फ्लायव्हीलवरच्या खुणाही मग खोटं बोलतात. लोखंडी पत्रा घासून घरी की बनवू नका.

मग पॉइंट. एकावर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा दिसला, किंवा निळे-काळे जळलेले दिसले, तर कंडेन्सरची साक्ष मिळाली समजा. पॉइंटवर तेलाचा थर असेल तर क्रँकचं ऑइल सील पाहा.

कंडेन्सर काढून मीटरवर मोजा. 0.18 ते 0.25 मायक्रोफॅरडच्या आत असावा. आकडा बरोबर आला म्हणून चांगला म्हणू नका. त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वाफाळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका. मग मीटर मेगाओहमच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवून वायर आणि डब्याच्या बॉडीमध्ये मोजा. क्षणभर काही दाखवून पुढे अनंत झालं पाहिजे. गरम असताना कुठलाही आकडा टिकून राहिला तर तो कंडेन्सर कचऱ्यात. मीटरच्या एवढ्याशा व्होल्टला गळतो तो 300 व्होल्टला काय टिकणार!

---

मंडपवाला_आर्वी

निघालं फ्लायव्हील. वेल्डिंगवाल्याकडून पट्टीचा पुलर बनवून घेतला.

की साबूत आहे. पॉइंटवर एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला तेवढाच खड्डा. फीलर (फट मोजायची पत्ती) 0.4 चा जातो, पण बाजूने भिंग लावून पाहिलं तर खरी फट जास्त दिसते. कॅमच्या आसपास पातळ तेल आहे, रॉकेलचा वास येतो.

कंडेन्सर थंड असताना 0.22. मेगाओहमवर काही नाही. पाण्यातून काढल्यावर 0.4 मेगाओहम दाखवून तिथेच थांबला. थंड झाल्यावर परत काही नाही.

म्हणजे कंडेन्सरच ना? दुकानात या इंजिनचा मिळत नाही. पंख्याचा टाकला तर चालेल का? घरात दोन पडलेले आहेत.

---

मोटर_वाइंडर_अकोला

पंख्याचा नाही! त्यावर 2.5 मायक्रोफॅरड लिहिलेलं असेल, तुम्हाला 0.22 हवा. दहापट मोठा टाकला की प्रायमरीचा करंट हळूहळू उतरतो, एकदम तुटत नाही, आणि ठिणगी आजच्याहून मरतुकडी येईल. पॉइंटवर खड्डेही वेगळ्या बाजूला पडतील.

जुन्या पॉइंटवाल्या मोटारसायकलचा किंवा अ‍ॅम्बॅसडरसारख्या जुन्या गाडीचा कंडेन्सर अजूनही ऑटो पार्ट्सवाल्याकडे निघतो. मीटर सोबत न्या, दुकानातच मोजा, 0.20 ते 0.25 आला तर घ्या. तोही गरम पाण्याच्या परीक्षेतून काढा, वर्षानुवर्षं डब्यात पडलेला माल असतो. अगदीच नाही मिळाला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला 0.22 मायक्रोफॅरड, 630 व्होल्ट किंवा त्यावरचा, पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा चालतो. 50 किंवा 100 व्होल्टचा घेतलात तर पहिल्या ओढीतच जाईल.

आणि तो फ्लायव्हीलच्या आत बसवूच नका. पॉइंटपासून एक जाड इन्सुलेशनची वायर जुन्या वायरच्याच वाटेने बाहेर काढा, कंडेन्सर बाहेर, कूलिंगच्या वाऱ्यात, इंजिनच्या धातूवर स्क्रूने घट्ट बसवा. स्क्रूखालचा रंग खरवडून धातू उघडा करा. कंडेन्सरचा डबा हाच त्याचा अर्थ असतो. फिल्मचा असेल तर त्याच्या एका पायाला वेगळी अर्थ वायर द्यावी लागेल, आणि तो हलून पाय तुटू नये म्हणून सिलिकॉनने चिकटवा. सायलेन्सरपासून दूर, वायर फ्लायव्हीलला घासणार नाही अशी.

जुना कंडेन्सर पूर्ण काढून टाका. नवा बाहेर लावला आणि गळका आतच जोडलेला ठेवला तर काही उपयोग नाही.

---

पाना_बारा_चौदा

टोक आणि खड्डा असलेल्या पॉइंटमध्ये फीलर टोकावर बसतो आणि खोटा गॅप सांगतो. तुमची खरी फट 0.4 हून जास्त आहे. फट जास्त म्हणजे पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर. हाताला झटका त्याचाच. पिस्टन वर यायच्या फार आधी आग लागली आणि दोरीचा वेग कमी असला की ती पिस्टनला मागे लोटते.

पॉइंट नवे मिळाले तर टाकाच. मिळाले नाहीत तर पॉइंट फाइलने किंवा बारीक सपाट कानसीने टोक उतरवा, खड्डा पूर्ण घालवायची गरज नाही, दोन्ही तोंडं समांतर झाली म्हणजे पुरे. पॉलिश पेपर वापरू नका, त्याची बारीक खडी पॉइंटमध्ये रुतून बसते. शेवटी थिनर किंवा स्पिरिटमध्ये भिजवलेलं कोरं जाड कागद पॉइंटच्या मधे घालून मिटलेल्या पॉइंटमधून दोन-तीनदा ओढा, मग कोरडं कागद ओढा, काळा डाग येईनासा होईस्तोवर. नवे पॉइंट टाकले तरी हे करायचंच. कारखान्यातून त्यांना गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर लावलेला असतो, आणि तो न पुसता बसवले की माणूस नव्या पॉइंटला शिव्या देत बसतो.

कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या टाचेला उच्च तापमानाचं ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढं. जास्त लावलं तर तेच उडून पॉइंटवर जाईल.

गॅप: क्रँक फिरवून टाच कॅमच्या सगळ्यात उंच भागावर आणा. 0.35 मिमीवर लावा, हद्द 0.3 ते 0.4. स्क्रू आवळताना प्लेट सरकते, म्हणून आवळल्यावर परत मोजा.

मग फ्लायव्हील बसवायच्या आधी क्रँकची निमुळती दांडी आणि फ्लायव्हीलचं भोक थिनरने कोरडं पुसा, तिथे तेल-ग्रीस अजिबात नको. की सरळ बसवा. नट टॉर्क पान्याने. या आकाराच्या दांडीला, जशी होंडाच्या जीएक्स 160 ला, 75 न्यूटन-मीटर सांगितलेला आहे. तुमच्या पुस्तकात आकडा असेल तर तो आधी. ढिला राहिला की की चिरडणार.

टायमिंग: पॉइंटकडे जाणारी कॉइलची वायर सोडा. मीटर बजरवर ठेवून एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरं बॉडीला. वायर न सोडता पाहिलं तर कॉइलच्या एका ओहममधून बजर वाजतच राहतो आणि काही कळत नाही. फ्लायव्हील चालण्याच्याच दिशेने हळू फिरवा. बजर बंद होतो तो क्षण म्हणजे ठिणगीचा क्षण. तेव्हा फ्लायव्हीलवरची एफची रेषा बॉडीवरच्या खुणेसमोर पाहिजे. टीची रेषा पिस्टन वर असण्याची, ती वेगळी, गफलत करू नका. एफ खुणेपर्यंत यायच्या आधीच बजर थांबला तर गॅप थोडा कमी करा, एफ पुढे निघून गेल्यावर थांबला तर वाढवा, पण 0.3-0.4 च्या बाहेर जाऊ नका. बाहेर जावं लागत असेल तर टाच झिजलेली आहे, पॉइंट बदलावेच लागतील.

शेवटी कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट. चुंबक कॉइलसमोर आणा, मधे 0.4 मिमीचा फीलर किंवा त्या जाडीचा पुठ्ठा घाला, कॉइल चिकटू द्या, स्क्रू आवळा, पुठ्ठा काढून फ्लायव्हील पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहा.

---

रॉकेल_इंजिन

ते रॉकेलच्या वासाचं पातळ तेल विसरू नका. डिपस्टिक पाहा, तेल वरच्या खुणेच्याही वर असेल. न जळालेलं रॉकेल रिंगांवरून खाली उतरून तेलात मिसळतं, तेल वाढतं आणि पातळ होतं, ब्रीदर (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट) बुजलेला असला की आतला दाब ते सीलमधून पॉइंटकडे ढकलतो. सील बदललं आणि ब्रीदर तसाच राहिला तर महिन्याभरात परत तेल. तेल गरम असतानाच काढा, ब्रीदरची पत्ती आणि नळी रॉकेलने धुवा, 20डब्ल्यू-40 नवं तेल वरच्या खुणेपर्यंतच. खुणेच्या वर एक चमचाही नको.

आणि रॉकेलवर चालवत असाल तर बंद करण्याआधी कॉक पेट्रोलवर टाकून तीन-चार मिनिटं चालवा. कार्ब्युरेटरच्या वाटीत रॉकेल राहिलं तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिन ते पेटवू शकत नाही, प्लग ओला होतो आणि माणूस पुन्हा इग्निशन खोलतो. चालू केल्यावरही इंजिन चांगलं तापल्याशिवाय रॉकेलवर टाकू नका. प्लगवर कोरडी काजळी दिसली तर हेच कारण असतं, प्लगची चूक नाही.

---

इलेक्ट्रिशियन_यवतमाळ

पॉइंटच नको असतील तर त्याऐवजी लावायचं छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं, पॉइंट आणि कंडेन्सर दोन्हींची कटकट संपते. कोणी सुचवलं नाही म्हणून सांगतो.

---

मोटर_वाइंडर_अकोला

मिळतं, पण पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात ते प्रयोग नको. मॉड्यूलला पोलॅरिटी असते, चुंबकाचे ध्रुव उलटे पडले तर ठिणगीच येत नाही. वायरी अदलून पाहावं लागतं. दुसरं म्हणजे ठिणगीची वेळ पॉइंटच्या जागी मॉड्यूल ठरवतं, आणि चुंबक पॉइंटच्या हिशेबाने बसलेला असतो. काही इंजिनांत टायमिंग बरोबर येतं, काहींत मागे-पुढे. सवड असेल तेव्हा करा.

---

मंडपवाला_आर्वी

झालं. पॉइंट नवे मिळाले नाहीत, कानसीने सरळ केले. कंडेन्सर मोटारसायकलचा, दुकानात 0.23 निघाला, गरम पाण्यातही मीटर अनंतच राहिला. बाहेर बसवला. गॅप 0.35, बजर एफच्या रेषेवर बरोबर थांबतो. सील बदललं, ब्रीदर पार बुजलेला होता, तेल नवं.

सहाशे वॉटवर सलग अडीच तास चालला. बंद करून लगेच दोरी ओढली, पहिल्या ओढीला चालू. टेस्टरवर गरम असतानाही 4 मिमीला निळी. झटका नाही.

---

पाना_बारा_चौदा

20-25 तास चालल्यावर पॉइंटचा गॅप परत मोजा. घासलेल्या पॉइंटची तोंडं आणि टाच बसेस्तोवर गॅप थोडा हलतो. त्या वेळी एफची रेषाही बजरने पाहून घ्या. स्विचची सोडलेली वायर जोडायची राहिली असेल तर जोडून स्विचने इंजिन बंद होतं का ते पाहा, तान्ह्या पोळ्याला गर्दीत लहान पोरं जनरेटरच्या आजूबाजूला असतात.